वीरगळांचे शार्प फोटो : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावात भैरवनाथाच्या देवळाबाहेर वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, ओळ आहे. काही भिंतीला टेकवलेले, काही अर्धे मातीत. शाळेने फेब्रुवारीत त्यांचं प्रदर्शन लावायचं ठरवलंय आणि फोटोंचं काम माझ्याकडे आलंय. त्यासाठीच नवा कॅमेरा घेतला: कॅनॉन आर५०, सोबत १८-४५ मिलिमीटरचा किट लेन्स. २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सर.

प्रिंट ए३ आकाराची हवी. इंचाला ३०० ठिपके धरले तर ए३ ला साधारण ४,९६० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. कॅमेरा देतो ६,००० बाय ४,०००. पिक्सेल पुरेसे आहेत, पण कापाकापीला फार जागा नाही. चौकट जागेवरच भरून घ्यायला हवी.

आणखी एक हिशेब वहीत मांडला. १२० सेंटिमीटर उंचीची शिळा उभ्या चौकटीत पूर्ण भरली, तर दगडाच्या एका मिलिमीटरला पाच पिक्सेल मिळतात. सगळ्यात वरच्या कप्प्यात वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. त्याच्या गळ्यातला एकेक मणी तीन मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या वाट्याला पंधरा पिक्सेल. शटर उघडं असताना प्रतिमा पाच-सहा पिक्सेल सरकली की मणी संपले, नुसती पट्टी उरते. मोबाइलच्या पडद्यावर हे कळत नाही, तिथे सगळेच फोटो शार्प दिसतात. म्हणून आजपासून प्रत्येक फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करूनच बघायचा.

११ नोव्हेंबर

लेन्स तपासला. वर्तमानपत्रातली छोट्या जाहिरातींची पानं दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटवली, एक मधोमध आणि चार कोपऱ्यांत. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) १००, लेन्समधलं आयएस (हाताचा थरथराट सावरणारी सोय) बंद. मग प्रत्येक अ‍ॅपर्चरला, म्हणजे लेन्सच्या भोकाच्या मापाला, एकेक फोटो. एफ चा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान.

देवनागरीतला बारीक टाइप या कामाला फार चांगला. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेपासून सुटा दिसतो का, रफार ओळखू येतो का, ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे वाचता येतात का, एवढंच बघायचं. लेन्सच्या तक्त्यांपेक्षा हे लवकर कळतं.

१८ मिलिमीटर फोकल लेंग्थला (लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला), पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला मधलं पान स्वच्छ, पण कोपऱ्यांत अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेले. एफ ८ ला कोपरे बरेच सुधारले. ४५ मिलिमीटरला हा लेन्स मुळात एफ ६.३ पासूनच सुरू होतो. एफ ८ ला तिथे पानभर सगळं वाचता आलं. एफ ११ पर्यंत ठीक. एफ १६ ला मधलं पानही मवाळ झालं आणि एफ २२ ला तर ‘ध’ आणि ‘घ’ एकच.

याचं कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. भोक जितकं लहान, तितका प्रकाश त्याच्या कडेवरून जास्त पसरतो आणि सेन्सरवर बिंदूऐवजी चकती उमटते. या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा. एफ ८ ला ती चकती ११ मायक्रॉनच्या आसपास असते, एफ १६ ला २१ च्या पुढे. कितीही महागडा लेन्स लावला तरी हे टळत नाही. ‘सगळं शार्प हवं असेल तर एफ २२ लावा’ हा सल्ला अजून बरेच जण देतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला तो नुकसान करतो.

ठरलं: वीरगळांसाठी एफ ८, आणि शक्यतो ३५ ते ४५ मिलिमीटर.

१६ नोव्हेंबर

हाताची परीक्षा. तीच पानं, पण ट्रायपॉड नाही.

जुना नियम आहे की शटरचा वेग फोकल लेंग्थच्या उलट धरावा, ४५ मिलिमीटरला १/४५ सेकंद. सेन्सर लहान असल्याने इथे १.६ ने गुणायचं (हाच क्रॉप), म्हणजे ४५ मिलिमीटरला १/७२, धरू या १/८०. पण हा नियम फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला आहे. १०० टक्के मोठं करून पाहिलं तर आयएस बंद असताना १/८० चे बरेच फोटो हललेले निघाले. १/१६० ला जवळजवळ सगळे स्वच्छ. म्हणून माझ्यापुरता नियम दुप्पट. आयएस चालू केलं की १/२० लाही अनुस्वार सुटे दिसतात. दगड जागचा हलत नाही, त्यामुळे आयएसचा पूर्ण फायदा या विषयाला मिळतो. माणसाचा किंवा पक्ष्याचा फोटो असता तर नुसत्या आयएसने भागलं नसतं, कारण समोरचं हललं तर त्यावर आयएसकडे इलाज नाही.

शटर दाबताना बोटाचा झटका बसतो. सलग तीन-चार फोटो सोडले की पहिल्यापेक्षा मधला स्वच्छ निघतो, कारण तोवर बोट स्थिर झालेलं असतं. कोपर बरगडीला टेकवायचे, श्वास अर्धा सोडून थांबायचं.

आजच्या सगळ्या बिघडलेल्या फोटोंचे तीन ढीग केले, कारण मवाळ फोटो कशाने मवाळ झालाय हे त्या फोटोतच लिहिलेलं असतं. पहिला ढीग: प्रत्येक ठिपक्याची छोटी रेघ झालीय आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला. हा हललेला फोटो. वेग वाढवा नाहीतर टेकू द्या. दुसरा ढीग: हवी ती जागा मवाळ, पण तिच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख. हा फोकसचा प्रश्न, तिथे शटरचा वेग वाढवून काही होणार नाही. तिसरा ढीग: कुठेच काही लख्ख नाही, सगळीकडे सारखं धूसर, दिशा नाही. इथे एफ १६ च्या पुढचं अ‍ॅपर्चर, काचेवरचा डाग, हवेतलं धुरकट, नाहीतर सपाट उजेड. आधी ढीग ओळखायचा, मगच कॅमेऱ्याच्या सेटिंगला हात लावायचा. हे न करता लोक थेट नवा लेन्स घ्यायला निघतात.

२४ नोव्हेंबर

देवळात पहिलं काम. सकाळी आठला पोचले.

काळ्या बेसॉल्टवर ऑटोफोकस चाचपडतं. गुळगुळीत झिजलेल्या भागावर चौकोन ठेवला की लेन्स पुढे-मागे धावतो, कारण त्याला पकडायला कड लागते. फोकसचा एकच छोटा चौकोन निवडला आणि तो ढालीच्या कडेवर ठेवला. ढालच का, तर वीराचं पोट सगळ्यात पुढे, कप्प्याची पाटी सगळ्यात मागे आणि ढालीची कड साधारण दोन्हींच्या मध्ये. चेहरे ओळखणारं फोकस बंद केलं. कोरलेल्या चेहऱ्याकडे ते कधी वळतं, कधी नाही, आणि मला प्रत्येक शिळेवर तीच जागा हवी. ट्रायपॉडवर असताना पुढे मॅन्युअल फोकसने, पडद्यावर मोठं करून, शेवटचा केसभर फरक हाताने काढला.

खोलीचा हिशेब इथे महत्त्वाचा. एक कप्पा, समजा ४० सेंटिमीटर रुंद, चौकटभर घेतला की ४५ मिलिमीटरला कॅमेरा पाऊण-एक मीटरवर येतो. एफ ८ ला तिथे पुढून मागे जेमतेम ११ सेंटिमीटर शार्प राहतं. तेही नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे. ए३ जवळून बघायचं तर त्याच्या निम्मंच धरावं. कोरीव काम चार-पाच सेंटिमीटर उठावाचं आहे, म्हणजे सगळं बसतं, पण कॅमेरा शिळेला समांतर असेल तरच. आणि एकही शिळा सरळ उभी नाही. म्हणून मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप काढलं. मोबाइल शिळेच्या सपाट कडेला टेकवला, एका शिळेला १२ अंश कल निघाला. मग तोच मोबाइल कॅमेऱ्याच्या पाठीला लावून ट्रायपॉडचं डोकं तेवढंच कललं. आधीच्या फोटोत पाय स्वच्छ आणि वरचा कलश मवाळ होता. आता दोन्ही स्वच्छ.

काळा दगड बघून कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो दगड राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणलं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). दगडाचा खरा रंग मिळाला आणि शटरही १/६० वरून १/१०० वर आलं. शेंदूर फासलेल्या शिळेवर मात्र एवढ्यानेही भागलं नाही. तिथे लाल रंग आधी जळतो. एकूण फोटो ठीक दिसतो, पण शेंदराखालची टाकीची खूण पुसली जाते आणि बघणाऱ्याला वाटतं फोकस चुकला. लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) बघून आणखी एक स्टॉप खाली.

गुरवकाका बराच वेळ बघत होते. “ताई, पानी मारून देऊ का? आकृती उठून दिसतीया वल्या दगडावर.” नको म्हटलं. ओल्या दगडाला चकाकी येते आणि तीच बारीक कोरीव खाऊन टाकते. खडू, पीठ, भस्म तर अजिबातच नाही. अक्षरं आणि रेषा ठळक करायला लोक ते भरतात. भेगांत अडकलेलं निघत नाही, आणि भरणाऱ्याने जी रेष ओढली तीच पुढच्या सगळ्या फोटोंत खरी ठरते.

१ डिसेंबर

लेन्सवर चढवलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर काढून ठेवला. काढून आणि लावून तेच पान टिपलं. खिडकी चौकटीच्या कडेला असताना फिल्टरसह काळी अक्षरं राखाडी झाली. काचेला धूळ लागते, पण तिला ब्लोअर आणि मऊ कापड पुरतं.

२१ डिसेंबर

आजची नोंद मोठी, कारण सगळ्यात जास्त फरक आज पडला.

आतापर्यंतचे फोटो हललेले नव्हते, फोकस बरोबर होता, अ‍ॅपर्चर एफ ८. तरी मणी उठत नव्हते. तिसरा ढीग. कॅमेऱ्याकडून करण्यासारखं सगळं झालं होतं, राहिला होता उजेड.

फोटो काढणाऱ्याला सगळे सांगतात की सकाळचा उजेड उत्तम. पण देऊळ पूर्वेला तोंड करून आहे, आणि त्याच्या भिंतीला टेकवलेल्या शिळाही. सकाळी सूर्य त्यांच्या थेट समोर असतो. उजेड समोरून आला की प्रत्येक उठावाची सावली त्याच्याच मागे लपते. मण्याला एक उजळ बाजू आणि एक काळी बाजू मिळाली तरच डोळ्याला तो गोल आणि धारदार दिसतो. पूर्वाभिमुख शिळेला हे मिळतं दुपारच्या जवळ.

हिशेब असा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेबाराच्या सुमारास डोक्यावरच्या रेषेत येतो, आणि त्या क्षणी तो पूर्वाभिमुख शिळेच्या अगदी पातळीत असतो. त्याआधी तासभर, म्हणजे साडेअकराला, किरण शिळेशी साधारण १४ अंशांनी घासून जातात. दीड तास आधी २० अंश. हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, उंची ४८ अंशांच्या आसपास. शिळेकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण डाव्या हाताला. म्हणजे उजेड वरून डावीकडून, तिरपा. उठाव वाचायला डोळ्याला सगळ्यात सोयीचा. मे महिन्यात हाच दुपारचा सूर्य थेट माथ्यावर असेल आणि सावल्या सरळ खाली ओघळतील.

अकरा ते बारा तिथेच बसून राहिले, ट्रायपॉड जागचा न हलवता. अकराला वीराचा चेहरा सपाट होता. सव्वाअकराला नाकाची सावली पडली. साडेअकराला खालच्या कप्प्यातल्या गाई मोजता आल्या, एकीच्या गळ्यातली घंटासुद्धा. ही घंटा सकाळच्या एकाही फोटोत नाही. मधल्या कप्प्यात वीराला वर नेणाऱ्या अप्सरांच्या वस्त्रांच्या चुण्या दिसल्या. पावणेबारानंतर सावल्या फार लांबल्या आणि वरच्या कप्प्याच्या कंगोऱ्याने खालचं झाकायला सुरुवात केली. या शिळांसाठी कामाची वेळ ११.२० ते ११.४५, एवढीच. तेवढ्यात दोन-तीन शिळा होतात.

सेटिंग सकाळचंच होतं. आयएसओ १००, एफ ८, ४५ मिलिमीटर. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कोणालाही वाटेल की लेन्स बदलला.

सूर्य आणि चंद्र वरच्या टोकाला कोरलेले असतात, ते असेतोवर वीराची कीर्ती राहावी म्हणून. आज पहिल्यांदा चंद्राची कोर फोटोत उमटली.

२८ डिसेंबर

कोल्हापूरला काम होतं, तिथून खिद्रापूर. कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालचं. अशा ठिकाणी ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, म्हणून तो नेलाच नाही. ट्रायपॉड नसताना अंधारात किती शार्प मिळतं, हेच तपासायचं होतं.

दोरीचा टेकू घरीच केला होता. कॅमेऱ्याच्या बुडाला असलेलं भोक पाव इंची, इंचाला २० आट्यांचं. हार्डवेअरच्या दुकानात तसा बोल्ट मिळतो. त्याला नट घालून आत जाणारी लांबी साडेचार मिलिमीटरवर अडवली, जास्त पिळला तर आतून इजा होते. बोल्टला नाडा बांधला, दुसरं टोक बुटाखाली दाबलं आणि कॅमेरा वर ताणून धरला. वर-खालचा थरथराट खरोखर कमी होतो. डावं-उजवं तेवढं राहतं, त्याला खांबाला खांदा.

स्वर्गमंडपात छताला गोल मोकळं आभाळ, खाली उजेडाचं वर्तुळ, भोवती खांबांची वर्तुळं. मंडप म्हणजे ४८ खांब. उजेडातल्या आणि सावलीतल्या खांबांत एवढा फरक की दोन्ही एका फोटोत बसत नाहीत. सावलीतल्या खांबांवर आयएसओ १६०० ला १/२५ मिळाला, नाडा ताणून आयएससह स्वच्छ. आयएसओ वाढवायला लोक घाबरतात, कारण फोटोत बारीक दाणे येतात. दाणे आले तरी कोरीव काम दिसतं, हललेल्या फोटोत मात्र काहीच परत आणता येत नाही. मी दाणे घेईन.

बाहेर गजपीठावरचे हत्ती आणि त्यांवरचे देव, ऊन थेट. तिथे काही शिकण्यासारखं नव्हतं, नुसतं बघत राहिले. एक आजी म्हणाल्या, “काय करायलायसा एवढं दोरी बांधून?” सांगितलं. “मग माझा बी एक काडा.” त्यांचा १/२५० ने काढला.

११ जानेवारी

बोरिवलीतले एकसरचे वीरगळ बघून आले. नौकायुद्ध कोरलेले वीरगळ म्हणून ते प्रसिद्ध. बरेच अभ्यासक ते शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या १२६५ च्या सुमाराच्या लढाईशी जोडतात. काही त्यांना त्याहून जुने मानतात. शिळा माणसापेक्षा उंच. जवळून कॅमेरा वर करून काढलं तर शिळा वर निमुळती होते आणि वरचे कप्पे फोकसमधून निसटतात. मागे सरकून, कॅमेरा सरळ धरून, एकेक कप्पा वेगळा घेतला. जहाजांची वल्ही एकाखाली एक तिरप्या रेघांसारखी येतात. हललेला फोटो ती लगेच उघडी पाडतात.

१९ जानेवारी

संगणकावरचं काम. सगळं रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलींत आहे. त्याच फोटोचं कॅमेऱ्यातून आलेलं जेपेग शेजारी ठेवलं. आयएसओ १६०० च्या खांबावर कॅमेऱ्याने दाणे पुसताना दगडाचा पोतही पुसलाय. रॉ मध्ये दाणे आहेत आणि टाकीचे घावही. दाणे कमी करण्याची पट्टी शून्याच्या जवळ ठेवली. ए३ ला हातभर अंतरावरून ते दिसणार नाहीत.

शार्पनिंग किती, हा रोजचा वाद. कडेला पांढरी किनार दिसायला लागली की ती फसवणूक आहे. दगडावर तशी रेघ नाही, आणि हे फोटो उद्या कोणी अभ्यासाला वापरले तर ती खरी समजली जाईल. त्रिज्या एक पिक्सेलच्या आत, प्रमाण किनार दिसायच्या अलीकडे. डोळ्यांसाठी, मण्यांसाठी वेगळं काही नाही. सगळ्या शिळांना एकच माप.

२ फेब्रुवारी

छापखान्यातून ए३ चे नमुने आले. कागद मॅट घेतला, कारण शाळेच्या व्हरांड्यात समोरून उजेड येतो. मॅटवर काळा थोडा फिका होतो, त्यामुळे सावल्यांतला फरक पडद्यापेक्षा कमी वाटला. फाइलींत काळा किंचित खाली ओढून पुन्हा पाठवल्या. गाईची घंटा छापील कागदावर चष्म्याशिवाय दिसते.

दोन फोटो परत घ्यायचे. एकात ढाल लख्ख आहे आणि घोड्याचं तोंड नाही. घोडा कप्प्याबाहेर झुकलाय, त्याला एफ ११ द्यायचं. दुसरी तेल पाजलेली शिळा, तिच्यावर चकाकीचे पट्टे आहेत. तिथे पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) लावून पाहायचं. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून ट्रायपॉड हवाच. चकाकी पूर्ण जाईल असं नाही, कोन जुळला तरच जाते.

पिंपळाखालची सतीशिळा अजून राहिलीय. काटकोनात दुमडलेला हात, मनगटात बांगड्या, आणि त्या बांगड्यांवर बारीक रेघा आहेत असं बोट फिरवून कळतं. तिच्यावर वर्षभर ऊन पडत नाही. एलईडीचा दिवा जवळ धरला तर एक बाजू भाजते आणि दुसरी काळी राहते. आरशातून येणारं ऊन तसं विझत जात नाही, शिळाभर सारखं पडतं. आरसा उन्हात, देवळाच्या पायरीवर, दहा-बारा मीटरवर ठेवायचा आणि उजेड शिळेच्या कडेने घासून न्यायचा. सूर्य सरकतो म्हणून आरसा धरायला माणूस हवा. गुरवकाकांचा नातू येतो म्हणालाय, आणि काकांनी कपाटाचा सुटा आरसा काढून ठेवलाय. येत्या रविवारी, दहाच्या आत.